धुरपताबाईचं ऊन

गंजगोलाईतल्या कापडाच्या दुकानातून महानंदानं चार मीटर मलमल घेतली, तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि ऊन आतापासूनच कानशिलं भाजायला लागलं होतं.

"बाळाच्या दुपट्याला का, ताई?" दुकानदारानं घडी घालता घालता विचारलं.

महानंदा दचकली. कुणी काही विचारलं की ती आधी दचकायची आणि मग उत्तर द्यायची. लहानपणापासूनची खोड. कॉलेज झालं, चित्रकलेची पदविका झाली, वर्गात उभं राहून शिकवायला लागून तीन वर्षं झाली, तरी खोड काही गेली नव्हती.

"नाही हो. चित्र पुसायचंय."

"पुसायचंच होतं, तर काढलं कशाला?" दुकानदार स्वतःच्याच विनोदावर हसला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.

त्याला काय सांगणार? एचिंग म्हणजे काय हे समजावून सांगायला गेलं, तर अर्धा तास मोडतो. तांब्याच्या प्लेटवर मेणाचा थर द्यायचा, सुईनं त्यात रेघा ओढायच्या, मग प्लेट आम्लात बुडवायची. मेण निघालं असेल तिथं तांबं खाल्लं जातं. जितका वेळ आम्लात ठेवाल तितकी रेघ खोल, आणि जितकी खोल तितकी काळी. मग सगळ्या प्लेटला शाई फासायची आणि मलमलीनं पुसायची. रेघांतली शाई रेघांत राहते, वरची निघून जाते. ओला कागद ठेवून ती प्रेसमधून काढली की चित्र उमटतं. एचिंगमध्ये उजेड रंगवता येत नाही, तो पुसून काढावा लागतो. वीरण्णा सरांचं हे वाक्य त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ होतं.

त्याच वीरण्णा सरांकडं ती निघाली होती. लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष चाललं होतं. नव्या कचेरीच्या मोठ्या दालनात जिल्ह्यातल्या कलावंताचं एक चित्र लागणार होतं आणि निवड झाली होती सरांच्या 'उन्हातली स्त्री'ची. बहात्तरच्या दुष्काळातलं एचिंग. त्याच्या जुन्या प्रतींना कसर लागलेली, म्हणून नव्या काढायच्या. पण सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला आणि हात थरथरणारे. तेव्हा छपाई महानंदानं करायची, चार वाजता कचेरीचा माणूस येईल त्याच्याकडं प्रती द्यायच्या, आणि माहितीपुस्तिकेसाठी चित्राचं पानभर रसग्रहणही तिनंच लिहायचं.

"एवढं नीट पार पाडा," मुख्याध्यापक म्हणाले होते, "की तुमची कायमची ऑर्डर काढतो. सरांचा शब्द पडला म्हणजे संस्थेत कुणी आडवं येणार नाही."

तीन वर्षं ती दर जूनमध्ये नव्यानं अर्ज करत होती. अहमदपूरला आई एकटी होती. दुसरा कुणाचा आधार नव्हता.

सरांच्या गल्लीत टँकरची वाट बघत बायकांची रांग बसली होती. माणसांपेक्षा घागरी जास्त. सरांच्या अंगणातला हौद मात्र काठोकाठ भरलेला. चित्राचं काम म्हणून संस्थेनं वेगळा टँकर पाठवला होता. महानंदानं हौदातून दोन बादल्या उपसल्या आणि कागद भिजवायच्या पसरट ट्रेमध्ये ओतायला लागली. फाटकातून सगळं दिसत होतं.

"काय करून राहिल्या हो, बाई?" रांगेतून एकीनं विचारलं.

"कागद भिजवतेय. छपाईला ओला लागतो."

"ऐकलं का गं? वीरण्णा गुरुजीचा कागद पाणी पितोय म्हणं!"

"पिऊ दे की. कागदाला तहान लागली असंल. आपलं काय, आपण तर दगुडच."

हसणं उठलं. पण ते हसणं कानाला गार लागत नव्हतं. महानंदानं मान खाली घातली आणि ट्रे उचलून आत गेली. जाताना पाणी हिंदकळून पायावर सांडलं, आणि तेवढ्या सांडण्यालाही बाहेरून कुणीतरी "अयाई..." केलं.

सरांची छपाईची खोली अंगणाच्या एका कडेला होती. खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला, वर एकच काचेचं कौल. वीज नव्हतीच. कौलातून उन्हाचा एक चौकोन प्रेसवर पडला होता आणि बाकी सगळी खोली त्या चौकोनामुळंच जास्त अंधारी झाली होती. रॉकेलचा, जवसाच्या तेलाचा आणि आम्लाचा मिळून एक वास. नाकात नाही, घशात बसणारा.

सर कोपऱ्यात आरामखुर्चीत होते. डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी, कपाळावर विभूतीचे पट्टे.

"आलीस? हात धू. नको, पाणी जपून वापर. पूस नुसते."

स्टोव्हवर प्लेट कोमट करून तिनं शाई भरली, मलमलीचा बोळा केला आणि पुसायला लागली. काळ्यातून हळूहळू बाई वर आली.

हे चित्र तिनं शंभरदा पाहिलं होतं. उघडं माळरान. मधोमध एक बाई उभी, पायाशी खडीची पाटी आणि रिकामी घागर. डोक्यावर पदर नाही. माथ्यावर, कपाळावर, गालाच्या हाडांवर, खांद्यावर एकही रेघ नव्हती. तिथं कोरा कागद होता आणि तेच ऊन होतं. डोळ्यांच्या खोबणीत, गळ्याच्या खळग्यात आणि फासळ्यांखाली मात्र आम्लानं तांबं इतकं खाल्लेलं, की बोट फिरवलं तर खाच लागायची. नजर खाली. आणि चित्राच्या तळाला, या कडेपासून त्या कडेपर्यंत, काळ्या छायेचा एक जाड पट्टा.

"लिहून घे," सर डोळे मिटून म्हणाले. "उघड्या माथ्यावरचा प्रकाश हा या चित्राचा प्राण आहे. छाया शरीराला लपवत नाही, घडवते. आणि चेहऱ्यावरची शांती..."

महानंदानं मनातल्या मनात लिहून घेतलं. खरंच किती सुंदर होतं ते. तळव्यानं शेवटचा हात फिरवताना तिला त्या बाईच्या गालावरून हात फिरवल्यासारखं वाटलं. तिनं ओला कागद ठेवला, वर प्रेसचं लोकरी ब्लँकेट ओढलं आणि प्रेसचं चाक फिरवलं. चाक कण्हलं. कागद उचलला. पहिली प्रत चोख निघाली.

दुसरी प्रत निघाली तेव्हा अकरा वाजून गेले होते.

"दाखव," सर म्हणाले. तिनं कागद त्यांच्या डोळ्यांपाशी नेला. त्यांनी मान तिरकी करून, कडेच्या नजरेनं पाहिलं. "माथ्यावर काळं कशानं आलं?"

"काळं?"

"डोक्यावर! आंधळी आहेस का? नीट पुसलं नाहीस तू. माथा पांढराशुभ्र पाहिजे मला."

तिनं पाहिलं. बाईच्या केसांवरून कानापर्यंत एक छाया आली होती. शाई राहिली असेल, असं म्हणून तिनं कागद उजेडाच्या चौकोनात धरला. शाईचा डाग नव्हता तो. बारीक, एकाशेजारी एक ओढलेल्या रेघा होत्या. कापडाला पडतात तशा चुण्या... काठ... काठावर नक्षी.

बाईनं डोक्यावर पदर घेतला होता.

महानंदानं प्लेट तपासली. शाईनं माखलेल्या प्लेटवर काय कळणार? "पुन्हा काढते, सर," ती कसंबसं म्हणाली.

तेवढ्यात दाराची कडी वाजली आणि तिच्या हातून मलमलीचा बोळा पडला.

दारात तिच्याच वयाची एक बाई उभी होती. निळी सुती साडी, खांद्याला पिशवी, हातात कचेरीचा कागद. "मी जगदेवी. कलेक्टर हापिसात कारकून हाय. चित्र न्यायचं पत्र हाय माझ्याकडं."

"चार वाजता यायचं ठरलं होतं," सर त्रासून म्हणाले.

"हाव. जरा लवकरच आले. छपाई बघावी म्हणलं." ती उंबऱ्याशीच बसली. "मला धाडत नव्हते, शिपाई येनार होता. मीच मागून घेतलं हे काम."

महानंदानं पुन्हा शाई भरली. जगदेवी पहिल्या प्रतीकडं बघत राहिली होती. एवढा वेळ कुणी चित्राकडं बघत नाही. बघता बघता तिनं मान हलवली आणि सरांना विचारलं, "गुरुजी, हे चित्र तुमी उन्हात बसून काढलं, का सावलीत?"

सरांना प्रश्न आवडला. "सावलीत. समोर लिंबाचं झाड होतं. त्याखाली खुर्ची टाकून बसलो होतो. खाली काळा पट्टा दिसतो ना? ती त्या लिंबाचीच सावली. लोक त्याला रचना म्हणतात. प्रत्यक्षात मी बसलो होतो ती जागा आहे ती."

महानंदाचा हात थांबला. शंभरदा पाहिलेलं चित्र. त्या पट्ट्याला ती वर्गात पोरांना 'चित्राचा तोल' म्हणून शिकवायची. आणि ती तर बसायची जागा होती. जो कुणी हे चित्र बघेल, तो त्या सावलीतूनच बघणार... समोर उन्हात उभ्या असलेल्या बाईकडं.

"अन् बाईला कामून नव्हतं बोलावलं सावलीत?" जगदेवीचा आवाज अजून शांत होता.

"प्रकाश कसा मिळाला असता मग?"

"पदर?"

"कसला पदर?"

"तिच्या डोक्यावर पदर होता, गुरुजी. माझ्या मायनं जलमात कधी परक्या माणसापुढं पदर पाडला नव्हता. तुमी म्हणलाव, पदर खाली घे, तोंडावर सावली पडतीया."



"कोण तू?" सर खुर्चीत पुढं झाले.

"धुरपताबाईची पोरगी. नऊ वर्षांची होते. तुमच्या खुर्चीमागं, झाडाच्या बुडाला बसले होते, घागर धरून. दुष्काळी तलावाच्या कामावर तुमाला हजेरीचे मास्तर म्हून नेमलं होतं, पाण्याची टाकी तुमच्या ताब्यात. तुमी म्हणलाव, चार घंटे उभी ऱ्हा, घागरभर पाणी देतो. खडी फोडणाऱ्याला एक गडवा मिळायचा अन् हिला घागर. म्हून उभी ऱ्हायली. तीन दिवस."

"मी जबरदस्ती केली नव्हती!"

"न्हाई केली. नुसतं म्हणत ऱ्हायलाव, हलू नको. तिसऱ्या दिवशी ती म्हणली, गुरुजी, डोळ्यापुढं काळं येऊन ऱ्हायलं, जरा सावलीला येऊ द्या. तुमी काय म्हणलाव, आठवतं?"

सरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"मला आठवतं. 'दहा मिनिटं. आत्ता कुठं ऊन चांगलं पडलंय.'"

महानंदाच्या डोक्यात काहीतरी उसळलं. तिला राग आला की शब्द सुचत नसत, कान तेवढे लाल व्हायचे. चेहऱ्यावरची शांती! ती शांती नव्हती. भोवळ येणाऱ्या बाईचा चेहरा होता तो, आणि तो तिनं तीन वर्षं फळ्यावर टांगून दाखवला होता. बघा मुलांनो, छाया कशी शरीर घडवते.

"त्याच रातीला गेली ती," जगदेवी म्हणाली. "घागर भरलेली होती. आमी तिच्या अंगावर ओतली सगळी."

"उन्हानं त्या साली शेकडो माणसं गेली!" सर ओरडले. "तिला कोण ओळखत होतं? मी तिला अमर केलं! जिल्ह्याच्या कचेरीत लागणार आहे ती. काय पाहिजे तुला आणखी?"

"नाव पाहिजे. खाली नाव लिवा तिचं. 'उन्हातली स्त्री' न्हाई. धुरपताबाई. अन् कशानं मेली ते."

"महानंदे! काय बघत उभी आहेस? चाक फिरव!"

आणि महानंदानं... चाक फिरवलं. ती पुढं कितीतरी दिवस स्वतःला विचारत राहिली, की त्या वेळी आपण चाक का फिरवलं. सर म्हणाले म्हणून. एवढंच उत्तर होतं.

तिसरी प्रत उचलताना कागद प्लेटला चिकटला. अंगाला घामानं कापड चिकटतं तसा, हळूहळू सुटला. ओला कागद गार असायला हवा. हा गरम होता.

मधलं माळरान रिकामं होतं. पाटी होती, घागर होती, त्यांच्याशेजारी कुणी नव्हतं. बाई खूप पुढं आली होती. चित्राच्या अगदी खालच्या अंगाला, काळ्या पट्ट्याच्या काठावर उभी होती. एक पाऊल सावलीत. डोक्यावर पदर. आणि मान वर.

त्या चेहऱ्यावर आता शांती नव्हती. महानंदानं कागद टाकून दिला.

जगदेवीनं तो उचलला, पाहिला. ती ओरडली नाही. फक्त हलक्या आवाजात म्हणाली, "आये... आये गं..."

"काय आहे? काय झालं?" सर चाचपडत आले. जगदेवीच्या हातातून कागद ओढून त्यांनी डोळ्यांपाशी नेला, दूर नेला, पुन्हा जवळ आणला. त्यांना कितपत दिसलं कुणास ठाऊक. पण त्यांचा चेहरा रागानं लाल झाला. "प्लेट खराब केलीस माझी! घासलीस कशानं? हिच्याशी संगनमत करून... चौदा वर्षं जपलेली प्लेट! चालती हो. दोघी व्हा चालत्या. मी काढीन माझी मी. अन् तुझी ऑर्डर कशी निघते तेही बघतो."

त्यांनी दोघींना दाराबाहेर काढलं आणि आतून कडी घातली.

अंगणात ऊन एवढं होतं की क्षणभर काहीच दिसेना. ऐन दुपार. झाडांच्या सावल्या बुंध्यापाशी गोळा झालेल्या. टँकर अजून आला नव्हता. रांगेतल्या बायका भिंतीच्या वीतभर सावलीत अंग चोरून बसल्या होत्या आणि आतला आरडाओरडा ऐकून सगळ्यांच्या माना इकडं वळल्या होत्या.

आतून चाकाचं कण्हणं ऐकू आलं. ते थांबलं. बराच वेळ काही नाही.

मग सरांचा आवाज. "कोण आहे?... दार तर लावलंय मी."

पुन्हा काही नाही. मग, मघाच्या रागातच, "उभी राहा तिथंच. पुढं येऊ नको म्हटलं ना..."

मग रागाचा आवाज खाली खाली येत गेला. शब्द कळेनात. मध्येच एकदा स्पष्ट आलं, "दहाच मिनिटं म्हटलं होतं मी... दहाच..."

"आत दुसरं कोण हाय?" रांगेतल्या एकीनं कुजबुजून विचारलं.

"कुणी नाही," महानंदा म्हणाली. तिचे दात वाजत होते. त्या उन्हात.

कडी निघाली. सर बाहेर आले. पायात वहाणा नव्हत्या. अंगणाच्या मधोमध आले, हौदापासून लांब, भिंतीपासून लांब. जिथं कशाचीही सावली पडत नव्हती तिथं थांबले. डोक्यावरची टोपी काढली आणि हातातून खाली सोडून दिली. मग हात अंगाबरोबर सरळ सोडून, नजर खाली घालून उभे राहिले.

"सर... सर, आत चला."

"हलायचं न्हाई," सर म्हणाले. ओठ न हलवता बोलल्यासारखे. "तसं सांगितलंय."

"कुणी सांगितलं, गुरुजी?" जगदेवीनं विचारलं.

"आत बसलीय ती. सावलीला."

महानंदानं त्यांचा दंड धरून ओढलं. सुकलेलं म्हातारं शरीर, पण जमिनीत पुरलेल्या दगडासारखं घट्ट. गल्लीतल्या बायका फाटकातून आत आल्या. दोघी-तिघींनी जोर लावला. पाय उचलेना. घामाच्या धारा त्यांच्या कपाळावरची विभूती धुऊन नेत होत्या, गालाची हाडं पांढरी चमकत होती, डोळ्यांच्या खोबणीत काळं साचत होतं. हा उजेड, ही छाया महानंदाला रेघ न् रेघ पाठ होती. तिला बघवेना.

किती वेळ गेला, ते नंतर प्रत्येकीनं वेगळं सांगितलं. सर कोसळले तेव्हा, मघाशी कागदाच्या तहानेवर हसणाऱ्या त्याच बायकांनी हौदावर धाव घेतली आणि घागरीमागून घागर त्यांच्या अंगावर ओतली.

जगदेवी तेवढी जागची हलली नव्हती. ती छपाईच्या खोलीच्या उघड्या दाराकडं बघत होती. "आये," तिनं हाक मारली. "चल घरी." महानंदानं भिंतीला धरून डोकावून पाहिलं. उन्हाचा चौकोन प्रेसवरून सरकून जमिनीवर आला होता. आरामखुर्ची रिकामी होती आणि अजून हलत होती.

सर वाचले. निदान दवाखान्याच्या कागदावर तसं लिहिलं होतं. बोलणं गेलं, आणि पलंग खिडकीपासून हलवला की घशातून आवाज काढायचे. खिडकीतून दुपारी ऊन यायचं. ते तोंडावर घेऊन पडून राहायचे.

प्लेट आणि प्रती संस्थेत आणल्या तेव्हा मुख्याध्यापकांनी एकेक कागद उलगडला. पहिली, दुसरी, तिसरी, आणि सरांनी स्वतः काढलेली चौथी. चारींत आता एकच चित्र होतं. उघडं माळरान, रिकामी घागर, पाटी आणि खाली काळा पट्टा. प्लेटवर जिथं बाई होती तिथलं तांबं गुळगुळीत होतं. आम्लानं खाल्लेलं तांबं पुन्हा भरून येत नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं.

मुख्याध्यापकांनी दोनदा चष्मा पुसला. मग म्हणाले, "आधुनिक आहे. 'ऊन' असं नाव देऊ. तुमचं रसग्रहण आणा."

महानंदानं रसग्रहण लिहिलं होतं. रागाच्या भरात, एका बैठकीत. सावलीत कोण बसलं होतं आणि उन्हात कोण उभं होतं, पदर कुणी पाडायला लावला, घागर, तीन दिवस, दहा मिनिटं. आणि नाव. धुरपताबाई. तिच्या आयुष्यात तिनं एवढं खरं काही लिहिलं नव्हतं.

मुख्याध्यापकांनी वाचलं. आवाज चढवला नाही, त्याचीच तिला जास्त भीती वाटली. "मॅडम, चित्रात बाईच नाही, तर बाईचं नाव कशाला? सरांची अशी अवस्था. त्यात हे. उजेड-छायेवर लिहा, तुमचा तोच विषय आहे." त्यांनी टेबलावरचा एक लिफाफा बोटानं थोडा पुढं सरकवला. "यावर फक्त सही राहिलीय माझी."

ती काहीतरी म्हणणार होती. कान लाल झाले होते. पण शब्द आले नाहीत. आणि मग तिनं लाल पेन घेऊन, त्यांच्यासमोर उभ्या उभ्या, आपल्याच हातानं एकेक ओळ खोडली. सरांनी सांगितलेलं 'छाया शरीराला लपवत नाही' एवढं वाक्य शेवटी राहिलं. ज्या चित्रात शरीर नव्हतं, त्याच्याखाली तेच छापून आलं.

पुस्तिका निघाली त्या दिवशी जगदेवी संस्थेच्या फाटकाशी उभी होती. हातात तेच पान. महानंदाला वाटलं, ही आता आरडाओरडा करेल. बरं झालं असतं.

"घरी न्हाई आली माय," जगदेवी म्हणाली. "रोज दुपारी दार उघडं ठिवते. पाणी भरून ठिवते. न्हाई आली. चित्रात न्हाई, तुमच्या लिवण्यात न्हाई. मग गेली कुठं, ते तरी सांगा." आणि उत्तराची वाट न बघता निघून गेली.

त्या वर्षी जून कोरडा गेला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात महानंदा आईला भेटून अहमदपूरहून परत निघाली. पर्समध्ये ऑर्डर होती, आईनं ती देवापुढं ठेवून परत दिलेली. एसटी स्टँडवर दुपारची गर्दी. पत्र्याच्या शेडखाली बसायला जागा नव्हती, माणसं उभी होती, खांबांना टेकली होती, पोरं जमिनीवर निजली होती. ती बसली होती त्या बाकावर मात्र तिच्या डाव्या बाजूला एका माणसाची जागा मोकळी होती. माणसं येत, जागेकडं बघत आणि पुढं जात.

एक म्हातारी बोचकं घेऊन आली. थकलेली होती. बाकापाशी थांबली आणि मोकळ्या जागेकडं बघून म्हणाली, "सरका की जरा, बाई. दोघी बसू."

थोडी थांबली. मग बोचकं उचलून लांब खांबापाशी जाऊन जमिनीवर बसली.

लातूरची गाडी लागली. गर्दी धावली. महानंदा उठली तेव्हा म्हातारीनं तिला हातानं जवळ बोलावलं.

"तुझी माय हाय का सासू?" तिनं हळूच विचारलं.

"कोण?"

"तुझ्या बाजूला बसलेली गं. मघापासून बघून ऱ्हायले मी. सावलीत बसलीया तरी अंगानं पेटल्यावानी लाल... अन् तुझ्या तोंडावरची नजर म्हून काढंना." म्हातारीनं महानंदाच्या खांद्यावरून मागं पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "उठली बघ ती बी. पोरी... काय केलंस गं तू तिचं?"